मथुशलहाचं वय आणि तारवातले हत्ती

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अपेलीस नावाचा एक ख्रिस्ती पंडित नोहाच्या तारवाचा हिशेब मांडून बसला. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात तारवाची मापं दिलेली आहेत. लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात. एवढ्या जागेत फार तर चार हत्ती राहतील, असं त्याचं म्हणणं पडलं. मग पृथ्वीवरच्या सगळ्या प्राण्यांच्या जोड्या, आठ माणसं आणि वर्षभराचा दाणागोटा राहिला कुठे? अपेलीस चर्चच्या मुख्य प्रवाहाबाहेरचा. जुना करार तो देवाचा शब्द मानत नव्हता, त्यामुळे कथा खोटी ठरली तर त्याला ते हवंच होतं. पुढच्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने त्याला उत्तर दिलं. ‘उत्पत्ती’चा लेखक मानला जाणारा मोशे इजिप्तमध्ये वाढला, तिथली भूमिती शिकला, म्हणून त्याने लिहिलेला हात साधा न धरता त्याचा वर्ग धरायचा. ३०० चा वर्ग ९०,०००. तारू एवढं मोठं झालं की जागेची अडचण उरत नाही.

ओरिजेनचं हे गणित आता कुणी मानत नाही. तरी त्या वादाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. एकाला कथा पाडायची होती, दुसऱ्याला राखायची होती, आणि दोघांनी हात घातला तो मोजपट्टीलाच.

याहून अवघड कोडं होतं मथुशलहाच्या वयाचं. मथुशलह हा नोहाचा आजा. तो ९६९ वर्षं जगला, असं ‘उत्पत्ती’ सांगतं. हिब्रू पोथीनुसार लामेख जन्मला तेव्हा मथुशलह १८७ वर्षांचा होता, लामेखाला नोहा झाला तो १८२ व्या वर्षी, आणि प्रलय आला तेव्हा नोहाला ६०० वर्षं झाली होती. बेरीज केली तर बरोबर ९६९ येते. म्हणजे आजोबा प्रलयाच्याच वर्षी गेले. पण सुरुवातीच्या काळात बहुतेक ख्रिस्ती लोक वाचत ते ग्रीक भाषांतर, आणि त्यातले आकडे वेगळे होते. १८७ च्या जागी १६७, १८२ च्या जागी १८८. या हिशेबाने मथुशलह प्रलयानंतरही चौदा वर्षं जगतो. तारवात तर तो चढलाच नव्हता. संत ऑगस्टिनने ‘देवाचं नगर’ या आपल्या मोठ्या ग्रंथात हा प्रश्न बाजूला सारला नाही, सविस्तर हाताळला. नक्कल उतरवणाऱ्याच्या हातून आकडा चुकला असणार, मूळ हिब्रूवर भरवसा ठेवावा, असा कौल त्याने दिला. त्याच ग्रंथात त्याला आणखी एक शंका छळते. दूरच्या बेटांवर लांडगे पोहोचले कसे? माणसं गाईगुरं नावेतून नेतील, लांडगे कोण नेईल?

जलप्रलयाच्या कथेवरची शंका बाहेरून आली, धर्माच्या वैऱ्यांनी आणली, असं आपल्याकडेही सर्रास म्हटलं जातं. श्रद्धा एका काठावर, विज्ञान दुसऱ्या काठावर. इतिहास वाचला की चित्र वेगळं दिसतं. या कथेला सर्वांत खोल चिरा ज्यांनी पाडल्या, ते बहुतेक जण ती खरी मानत होते. खरी मानत होते म्हणूनच तर मोजायला बसले. जी गोष्ट घडलेली आहे तिची लांबीरुंदी असणार, तिची तारीख असणार, तिच्या खुणा जमिनीत असणार. आदराने धरलेली ही मोजपट्टी हळूहळू त्यांना कुठल्या कुठे घेऊन गेली.

आधी कथाच सावकाश वाचायला हवी. मराठीत ती चारशे वर्षं नांदते आहे. १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा पहिला भाग जुन्या कराराच्या कथा ओवीत सांगतो. प्रचलित मराठी बायबल उघडलं तर एक गोष्ट मराठी वाचकाला सहज दिसते. काही ठिकाणी ‘देव’ बोलतो, काही ठिकाणी ‘परमेश्वर’. हिब्रूतली दोन वेगळी नावं मराठी भाषांतरकारांनी अशी वेगळी ठेवली आहेत. आता या दोन नावांचे धागे वेगवेगळे करून पाहा. ‘देव’ नोहाला सांगतो की प्रत्येक जातीची एकेक जोडी घे. ‘परमेश्वर’ सांगतो की शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या घे, अशुद्धांची एक. एका धाग्यात पाऊस चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पडतो. दुसऱ्यात पाणी दीडशे दिवस चढून राहतं, आणि ते केवळ आभाळातून येत नाही, खोल जलाशयाचे झरेही फुटतात. एकीकडे प्रलयाची तारीख महिना-दिवसासकट दिलेली, दुसरीकडे सात-सात दिवसांनी सोडलेली पाखरं. सातव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात तर दोन्ही नावं एकाच श्वासात येतात. देवाने आज्ञा दिली तसे प्राणी आत गेले आणि परमेश्वराने मागून दार लावून घेतलं.

हे पद्धतशीर दाखवलं ते जाँ आस्त्र्युक या फ्रेंच वैद्याने, १७५३ साली. त्याचा हेतू मोशेचं श्रेय काढून घेण्याचा नव्हता. मोशेनेच दोन जुन्या बखरी समोर ठेवून हे पुस्तक रचलं, असं म्हणून विसंगतीचा दोष त्याच्यावरून उतरवावा, एवढंच त्याला करायचं होतं. पुढच्या शतकात जर्मन अभ्यासकांनी तोच धागा ओढत नेला आणि मोशेचं लेखकपणच सुटून आलं. नंतरच्या कुणा संपादकाने दोन्ही परंपरा इतक्या निगुतीने विणल्या की एकही टाकली नाही, त्या जुळत नसतानाही. मला तो अनाम संपादक फार मोठा माणूस वाटतो. त्याच्यापुढे दोन पवित्र साक्षी होत्या आणि त्याने दोन्ही जपल्या.

कागदावरची शंका एक, दगडातली दुसरी. लिओनार्दो दा व्हिंची मिलानमध्ये घोड्याचा प्रचंड पुतळा घडवत होता तेव्हा डोंगरातली माणसं त्याच्याकडे शिंपल्यांचं पोतं घेऊन आली. समुद्रापासून लांब, डोंगरात सापडलेले शिंपले. प्रलयाने ते तिथे नेऊन टाकले, असं सगळे समजत. लिओनार्दोने वहीत हिशेब मांडला. जिवंत शिंपलं चिखलात चर काढत दिवसाला तीन-चार हात सरकतं. आद्रियातिक समुद्रापासून ते डोंगर अडीचशे मैलांवर. चाळीस दिवसांत ते पोहोचेल कसं? लाटेने वाहून नेलं म्हणावं, तर शिंपल्याच्या दोन्ही झडपा अजून जुळलेल्या आहेत, लहानमोठी सगळी एकाच थरात कुटुंबासारखी आहेत, आणि असे थर एकावर एक आहेत. एकदा आलेल्या पाण्याने हे होत नाही. ती जागाच कधीकाळी समुद्राचा तळ होती.

झुरिकचा वैद्य योहान शॉइखझर याला मात्र साक्षीदारच सापडला, असं वाटलं. दगडात उमटलेला सांगाडा, मोठं डोकं, मणक्यांची माळ. १७२६ मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला, ‘प्रलय पाहिलेला माणूस’ असं लॅटिन नाव देऊन. पापी पिढीतल्या या अभाग्याची हाडं बघून लोकांनी सुधारावं, अशी त्याची मनापासूनची इच्छा होती. १८११ मध्ये फ्रान्सचा जॉर्ज क्युव्हिए हॉलंडमधल्या हार्लेमच्या संग्रहालयात आला, त्याने दगड हलक्या हाताने टोकरला आणि आतून पुढचे पाय बाहेर आले. तो सॅलमँडर होता. पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या नात्यातला, जवळजवळ माणसाएवढा लांब जलचर, एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वीचा. त्याच्या शास्त्रीय नावात शॉइखझरचं नाव कायम आहे. तो दगडही हार्लेममध्ये आहे.

या साऱ्या गोष्टीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिशीतलं इंग्लंड. ऑक्सफर्डला भूशास्त्र शिकवणारे विल्यम बकलंड धर्मगुरू होते. १८२१ मध्ये यॉर्कशायरमधल्या कर्कडेल इथे खाणकामगारांना एक गुहा सापडली, तिच्या तळाशी हत्ती, गेंडे, पाणघोडे आणि तरसांची हाडं. प्रलयाने उष्ण प्रदेशातून वाहून आणली, हे उत्तर तयारच होतं. बकलंडना ते पटेना. गुहेचं तोंड एवढं अरुंद की अख्खा हत्ती आत येणं शक्य नाही. हाडांवर दातांचे ओरखडे होते. तेव्हा एक फिरता प्राणिसंग्रह ऑक्सफर्डला आलेला होता. बकलंडनी त्यातल्या तरसाला बैलाचं हाड घातलं आणि त्याने ते कसं फोडलं, कुठला भाग टाकला, दात कुठे उमटले ते पाहिलं. गुहेतल्या हाडांशी ते तंतोतंत जुळलं. म्हणजे यॉर्कशायरमध्ये तरसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती आणि शिकारीचे तुकडे गुहेत ओढून आणत होती. प्रलयाचं पाणी आलं ते त्यानंतर, हाडांवर बसलेला चिखल तेवढा त्याचा. १८२३ च्या त्यांच्या ग्रंथाचं नावच ‘प्रलयाचे अवशेष’ असं होतं.

हा चिखल आणि उत्तर युरोपभर विखुरलेली वाळू, गोटे, परक्या डोंगरांतून आलेल्या अवाढव्य शिळा, हा शेवटचा पुरावा उरला होता. केंब्रिजचे ॲडम सेजविक, तेही धर्मगुरू, तो उराशी धरून होते. मग मोजणी सुरू झाली. हे थर एका वयाचे नाहीत. उष्ण देशांत ते सापडत नाहीत. त्यांच्यात माणसाची हाडं नाहीत, जी प्रलयात सर्वांत आधी असायला हवीत. १८ फेब्रुवारी १८३१ रोजी लंडनच्या भूशास्त्र संस्थेचं अध्यक्षपद सोडताना सेजविक उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की या साऱ्या गोट्यांना एकाच प्रलयाशी जोडण्यात आपली चूक झाली आणि ते मत आपण मागे घेतो. आपणच ज्याचा प्रचार केला ते विधान पदावरून उतरण्याआधी परत घेणं त्यांना कर्तव्य वाटलं. पाच वर्षांनी बकलंडनीही आपलं मत बदललं. १८४० मध्ये स्वित्झर्लंडच्या लुई अगासीबरोबर ते स्कॉटलंडच्या दऱ्यांत हिंडले, तेव्हा त्या शिळांचा वाहक दिसला. तो होता बर्फ. एकेकाळी अर्धा युरोप झाकणाऱ्या हिमनद्यांनी त्या शिळा ओढत आणल्या होत्या.

एवढं होऊनही सेजविक चर्चमध्येच राहिले, डार्विनच्या उत्क्रांतिवादाला त्यांनी शेवटपर्यंत विरोध केला. बकलंड वेस्टमिन्स्टर ॲबीचे प्रमुख झाले. प्रलय गेला म्हणून देव गेला, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही. आजची भांडणं पाहिली की मला या दोघांची आठवण होते.

याच काळातला एक दुवा आपल्या नागपुरात आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये तिथे आले. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही शहरात आहे. प्रवचन आणि शाळा यांतून वेळ काढून ते रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर टाकळीच्या परिसरात दगड फोडत हिंडायचे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे थंड झालेल्या लाव्ह्याच्या, दोन थरांमध्ये त्यांना गाळाचे पातळ पट्टे सापडले, आणि त्या पट्ट्यांत गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, वनस्पतींची फळं आणि बिया. १८५५ मध्ये हे त्यांनी लंडनमध्ये प्रसिद्ध केलं. या पट्ट्यांचा अर्थ काय होतो ते पाहा. लाव्हा आला, गोठला. त्यावर पाऊस पडला, डबकी-तळी झाली, झाडं उगवली, गोगलगाई नांदल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि ते सगळं गाडलं. वरळीच्या टेकडीत अशाच थरात छोट्या बेडकांचे ठसे सापडले आहेत. घाटात रस्त्यासाठी कडा कापलेला असतो तिथे काळ्या थरांच्या मध्ये विटेच्या रंगाची आडवी पट्टी दिसते. ती दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात झिजून तयार झालेली माती आहे. सह्याद्रीत असे थर एकावर एक चढत गेले आहेत, सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचे. वर्षभराच्या एका पुराने पृथ्वीचे सगळे थर रचले, असं म्हणणाऱ्याला या लाल पट्टीचं उत्तर द्यावं लागतं. पाण्याखाली माती वाळून लाल होत नाही. हिस्लॉप स्वतः १८६३ च्या सप्टेंबरात नागपूरजवळ टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतत असताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात बुडून गेले. वय ४५.

पाण्याचा हिशेबही करून पाहता येतो. एव्हरेस्ट बुडवायचं तर समुद्रांत आज आहे त्याच्या तिपटीहून अधिक पाणी वरून लागेल. हवेतली सगळी वाफ एका वेळी पाडली तर पृथ्वीवर जेमतेम इंचभर पाणी साचेल. चाळीस दिवसांत ८,८४९ मीटर चढायचं म्हणजे दिवसाला २२० मीटर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, एक मीटरसुद्धा नाही, आणि मुंबईत त्या दिवशी काय झालं ते आपण विसरलेलो नाही. अक्षरशः श्रद्धा ठेवणारे यावर म्हणतात की तेव्हा डोंगर एवढे उंच नव्हते, ते प्रलयानंतर उठले. मग हिमालय काही शतकांत उठला असं मानावं लागतं, आणि त्या वेगाची कुठलीही खूण खडकात नाही.

तारखेचंही तसंच. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधल्या वंशावळी जोडत प्रलयाचं साल काढलं, इसवी सनपूर्व २३४८. तेव्हा गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहून दोनशे वर्षं झाली होती आणि इजिप्तचा राज्यकारभार अखंड चालू होता. सिंधूच्या काठी मोहेंजोदडो भरात होतं. कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्समध्ये पाइनचं एक झाड आहे. एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये त्याची वलयं मोजली. ते आजही जिवंत आहे आणि वय सुमारे ४,८०० वर्षं, म्हणजे अशरच्या प्रलयाच्या वेळी ते काही शतकांचं होतं. त्या झाडाला नाव दिलंय मथुशलहाचं. ऑगस्टिनला छळणारा आजोबा असा पुन्हा प्रलय ओलांडून जगला.

दगड आणि आकडे एवढं सांगून थांबले. मग कथा आली कुठून, हे सांगितलं मातीच्या विटांनी. जॉर्ज स्मिथ हा लंडनचा गरीब घरातला मुलगा, नोटांचे ठसे कोरणाऱ्या छापखान्यात उमेदवारी करणारा. जेवणाच्या सुट्टीत तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन असिरियाच्या विटांवरची कीलाक्षरं वाचायला शिकला, आणि शेवटी म्युझियमनेच त्याला ठेवून घेतलं. त्या विटा निनवेच्या असुरबानिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या. मोसुलमध्येच जन्मलेल्या होर्मुझ्द रस्साम यांनी आणि त्यांच्याआधी लेयर्ड यांनी त्या उकरून काढलेल्या. १८७२ मध्ये एका तुकड्यावर स्मिथला ओळी दिसल्या. नाव डोंगरावर टेकली, कबुतर सोडलं, त्याला बसायला जागा मिळाली नाही, ते परत आलं. अत्यानंदाने तो खोलीभर धावला आणि अंगावरचे कपडे उतरवू लागला, असं त्याच्या नंतरच्या पिढीतल्या एका सहकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने हा शोध वाचून दाखवला तेव्हा समोर पंतप्रधान ग्लॅडस्टन बसले होते. ‘डेली टेलिग्राफ’ने उरलेला तुकडा शोधायला एक हजार गिनी दिल्या, आणि स्मिथला निनवेला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत प्रलयाचा आणखी एक तुकडा खरोखर सापडला. चार वर्षांनी, छत्तिसाव्या वर्षी, तिसऱ्या मोहिमेवर असताना अलेप्पोत तो आमांशाने गेला.

त्या एका विटेवरून दोन्ही बाजूंना आनंद झाला. बायबलचा पुरावा मिळाला, असं काहींनी म्हटलं. बायबलची कथा उसनी आहे, असं इतरांनी. दोघांनी घाई केली. वीट होती गिल्गमेश महाकाव्याची अकरावी. नंतर सापडलेलं अत्रहासिसचं काव्य तिच्याहून हजार वर्षं जुनं, इसवी सनपूर्व सतराव्या शतकातल्या प्रतींतलं. त्याहून वेगळी एक सुमेरी कथा निप्पूरला मिळाली. नोहाचं नाव तिथे उत्नपिश्तिम, अत्रहासिस, झियुसुद्र. मातीची आणि वेताची घरं, म्हणून देव वेताच्या कुडाला उद्देशून कुजबुजतो, म्हणजे आतल्या माणसाला ऐकू जाईल आणि इतर देवांना दिलेला शब्दही मोडणार नाही. ब्रिटिश म्युझियमचे अर्विंग फिंकेल यांनी २०१४ मध्ये आणखी जुन्या एका विटेचं वाचन प्रसिद्ध केलं. तिथे तारू गोल आहे, दोराची वेटोळी घालून डांबराने लिंपलेलं. हंपीजवळ तुंगभद्रेत माणसं वाहणारी टोपलीसारखी होडी पाहिलेल्याला ते चटकन कळेल. त्या वर्णनावरून एक लहान तारू केरळात बांधलं गेलं आणि ते तरंगलं.

ही कथा तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातच का जन्मली, हे नद्यांकडे पाहिलं की समजतं. नाईलचा पूर दरवर्षी वेळेवर येई, लोक त्याची वाट पाहत. तैग्रिस आणि युफ्रेटिसचा पूर उत्तरेच्या डोंगरांत बर्फ वितळल्यावर वसंतात येतो, नेमका पीक उभं असताना, आणि किती येईल याचा नेम नाही. जमीन सपाट, चढून जायला टेकडी नाही. क्षितिजापर्यंत पाणी झालं की तिथल्या माणसासाठी सगळी पृथ्वी बुडालेलीच असे. १९२९ मध्ये लेनर्ड वुली यांना ऊर शहराच्या खणतीत काही फूट जाडीचा स्वच्छ गाळ लागला, वर-खाली वस्तीच्या खुणा, मध्ये काही नाही. हा प्रलयच, असं त्यांच्या पत्नी कॅथरीन सहज बोलून गेल्या आणि जगभर बातमी झाली. ऊरपासून थोड्याच अंतरावरच्या एरिदूत तो थर नाही. उत्नपिश्तिमचं गाव शुरुप्पक, तिथे आणि कीशला पुराचे थर मिळाले, पण ते ऊरच्या गाळाच्या कितीतरी नंतरचे, इसवी सनपूर्व २९०० च्या आसपासचे. एक पूर नव्हता, अनेक होते. त्यांतल्या एखाद्याची आठवण पिढ्यांनी वाढवली असावी, असं मला वाटतं.

आपल्या शतपथ ब्राह्मणातली मनू आणि माशाची कथा इथे आठवणारच. मासा मनूला सावध करतो, नाव त्याच्या शिंगाला बांधली जाते, उत्तरेच्या डोंगराशी ती लागते. पण तिथे पाप नाही, शिक्षा नाही, पूर येणार एवढंच. अत्रहासिसमध्ये माणसांच्या गलबल्याने देवाची झोप मोडते, म्हणून प्रलय येतो. ‘उत्पत्ती’त कारण आहे माणसाची हिंसा. तीच नाव, तीच पाखरं, आणि कारण पुरतं वेगळं. बायबलच्या लेखकाने शेजाऱ्याची कथा घेतली असेल तर तिच्यात स्वतःचं सगळं मन ओतलं आहे.

अक्षरशः प्रलय मानणं विसाव्या शतकात नव्या जोमाने परतलं. १९६१ मध्ये अमेरिकेत जॉन व्हिटकॉम आणि हेन्री मॉरिस यांचं पुस्तक आलं, आणि २०१६ पासून केंटकीत ५१० फूट लांबीचं लाकडी तारू पर्यटकांसाठी उभं आहे. तुर्कस्तानातल्या अरारातवर तारवाच्या फळ्या शोधणारेही थांबलेले नाहीत. अरारात स्वतः ज्वालामुखी आहे, आणि १९५५ मध्ये तिथून आणलेलं लाकूड कार्बनच्या कसोटीवर इसवी सनानंतरचं निघालं. मला या लोकांचा राग येत नाही. मुलांसाठी सगळं जग एका गलबतात सुखरूप मावावं, ही ओढ मी समजू शकतो. शाळेच्या वर्गात ते भूशास्त्र म्हणून शिकवायला मात्र माझा ठाम विरोध आहे.

पण शंका घेणाऱ्यांचाही हात एकदा चुकला, तेही सांगायला हवं. १९२३ मध्ये जे हार्लन ब्रेट्झ यांनी वॉशिंग्टन राज्यातले ओरबाडलेले, कोरडे प्रपात पाहून म्हटलं की इथून एक अतिप्रचंड पूर गेलेला आहे. भूशास्त्रज्ञांनी त्यांना उडवून लावलं. एवढा मोठा पूर म्हटलं की त्यांना नोहाचा वास येई, आणि तो वाद संपवायला त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी जन्म घालवलेला. ब्रेट्झ मागे हटले नाहीत. शेवटी सिद्ध झालं की हिमयुगात बर्फाच्या बांधामागे अडलेलं मिझूला सरोवर बांध फुटून वारंवार वाहून गेलं होतं. १९७९ मध्ये, ९६ व्या वर्षी, त्यांना अमेरिकेचं भूशास्त्रातलं सर्वोच्च पदक मिळालं.

एवढे हिशेब झाल्यावर मी पुन्हा कथेकडे जातो आणि तेव्हा एक गोष्ट टोचते. गिल्गमेशमध्ये पाऊस थांबल्यावर उत्नपिश्तिम झरोका उघडतो, चेहऱ्यावर उजेड पडतो, आणि सगळी माणसं चिखल झालेली पाहून तो खाली बसून रडतो. कुराणात नूह लाटांमधून आपल्या मुलाला हाक मारतो, ये, आमच्याबरोबर चढ. मुलगा येत नाही, बुडतो. ‘उत्पत्ती’तला नोहा मात्र पूर्ण प्रलयात एक शब्दही उच्चारत नाही. तारू बांध म्हटल्यावर तो बांधतो, चढ म्हटल्यावर चढतो. बाहेर आल्यावर वेदी उभारतो, मग द्राक्षमळा लावतो, आणि त्याची दारू पिऊन आपल्या तंबूत उघडा पडून राहतो. बायबलने नोंदवलेलं त्याचं पहिलं वाक्य तो त्यातून शुद्धीवर आल्यानंतरचं आहे, आणि तो शाप आहे.